रस्त्याचे आठ प्रहर : शेतमालाची वाहतूक आणि अपघाताच्या वेळा

पीक शेतात उभे असते तोपर्यंत आपण त्याची डोळ्यांत तेल घालून राखण करतो. पाऊस किती झाला, तुडतुडे आले काय, खताचा दुसरा हप्ता कधी द्यावयाचा, याचा हिशेब आपल्या मनात सदैव चालू असतो. परंतु माल एकदा गाडीत भरला आणि फाळका लावला, म्हणजे आपले काम संपले असे आपण समजतो. पनवेल तालुक्यात विस्ताराचे काम करताना या समजुतीतील चूक मला अनेकदा दिसून आली. पिकाला जशी घातवेळ असते तशी रस्त्यालाही असते. ती ओळखून मालाची वाहतूक कशी करावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पनवेल हे मुळात रस्त्याचे गाव. 1830 साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलच्या बंदरात उतरू लागला. येथे बनणारी गाडीची चाके त्या काळी प्रसिद्ध होती. आज पुण्याचा जुना महामार्ग येथूनच जातो. पळस्पे फाट्यावर गोव्याचा महामार्ग फुटतो. कळंबोलीहून निघणारा यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग 2002 पासून पूर्णपणे वापरात आहे. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाल्यापासून कंटेनर वाहणाऱ्या लांबलचक गाड्यांची त्यात भर पडली आणि जानेवारी 2024 मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतूही खुला झाला. या सर्व रस्त्यांच्या जाळ्यात आपली भातखाचरे, वालाची शेते आणि भाजीचे मळे सापडलेले आहेत. घरातून खळ्यावर जावयाचे तरी महामार्ग ओलांडावा लागतो, अशी कित्येक गावांची स्थिती आहे.

गेल्या हिवाळ्यात मी पळस्पे फाट्यावर निरनिराळ्या वेळी मुद्दाम उभा राहून पाहिले. सकाळी आठच्या सुमारास दुचाकींची रीघ लागते. प्रत्येकास कामावर वेळेत पोहोचावयाचे असते, म्हणून घाई असते. पण डोळे उघडे असतात आणि रस्ता स्वच्छ दिसतो. दुपारी वाहने विरळ होतात व वेग वाढतो. सायंकाळी सहापासून माणसे थकून व कातावून परततात. हॉर्नचा आवाज सकाळपेक्षा दुप्पट वाटतो. रात्री दहानंतर रस्ता जड वाहनांच्या ताब्यात जातो, कारण मुंबई व आसपासच्या शहरांत गर्दीच्या वेळी त्यांना प्रवेशास मनाई असते आणि थांबलेल्या गाड्या एकदम सुटतात. पहाटे तीन-चारला रस्ता ओस पडतो. जी वाहने असतात ती भरधाव असतात आणि आपल्या ओळीत सरळ राहण्याऐवजी हळूहळू एका बाजूस झुकत जाऊन एकदम सावरतात. हे झुकणे व सावरणे ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल, त्यास चालकाच्या डोळ्यांत काय चालले आहे हे निराळे सांगावयास नको.

आकडे काय सांगतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 4,61,312 अपघात झाले व त्यांत 1,68,491 माणसे दगावली. दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ भाग पाडले, तर सर्वाधिक अपघात सायंकाळी 6 ते 9 या भागात झालेले आढळतात. सर्व भागांत अपघात सारखे झाले असते, तर या भागाच्या वाट्यास एक-अष्टमांश आले असते. प्रत्यक्षात सुमारे एक-पंचमांश आले.

मध्यरात्रीनंतरच्या अपघातांची संख्या मात्र कमी दिसते. ही संख्या पाहून पुष्कळांची फसगत होते. ‘रात्री रस्ता मोकळा, म्हणून गाडी रात्रीच काढावी,’ असे ते म्हणतात. आपण रोगाची पाहणी करतो तेव्हा केवळ रोगट झाडे मोजून थांबत नाही. शंभर झाडांत दहा रोगट असणे आणि दहा झाडांत पाच रोगट असणे यांत दुसऱ्या शेताची अवस्था अधिक वाईट, हे कोणीही शेतकरी सांगेल. पहाटेच्या रस्त्याची स्थिती त्या दुसऱ्या शेतासारखी आहे. वाहने थोडी; परंतु जो अपघात होतो तो बहुधा जीवघेणा होतो.

आपल्या परिसरातील उदाहरणे सर्वांच्या स्मरणात असतील. 5 जून 2016 रोजी पहाटे द्रुतगती मार्गावर शेडुंगनजीक रस्त्याच्या कडेस थांबलेल्या दोन मोटारींवर एक खासगी बस आदळली व 17 जणांचा अंत झाला. 14 ऑगस्ट 2022 च्या पहाटे बीडहून रात्रभर प्रवास करून मुंबईकडे येत असलेले माजी आमदार विनायक मेटे यांचे याच मार्गावर अपघाती निधन झाले. 15 एप्रिल 2023 रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास पुण्याहून परतणाऱ्या ढोल-ताशा पथकाची बस जुन्या महामार्गावर बोरघाटातील शिंगरोबाच्या देवळाजवळ दरीत कोसळली. 13 जण गेले, त्यांत तरुण मुले होती. या प्रत्येक अपघाताचे कारण झोप हेच होते असे मला म्हणावयाचे नाही. कारणे निरनिराळी असतात आणि ती ठरविणे हे तपास करणाऱ्यांचे काम आहे. वेळ तेवढी पाहावी.

याहून अधिक जिव्हारी लागणारी घटना 15 जुलै 2024 च्या रात्रीची आहे. आषाढी एकादशीस दोन दिवस उरले होते. डोंबिवलीकडील वारकऱ्यांना पंढरपुरास नेणारी बस मध्यरात्र उलटल्यावर द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ एका ट्रॅक्टरवर आदळली आणि खड्ड्यात गेली. पाच माणसे मृत्यू पावली, चाळीसांहून अधिक जखमी झाली. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टर, बैलगाडी, दुचाकी व तीनचाकी वाहनांस मनाई आहे. तरीही फेरा वाचविण्यासाठी ‘एवढाच तुकडा तर ओलांडावयाचा आहे’ म्हणून ट्रॅक्टर वर चढविणारे चालक मी पाहिले आहेत. ज्या रस्त्यावर मोटार तासाला शंभर किलोमीटर वेगाने येते, तेथे वीस किलोमीटर वेगाचा ट्रॅक्टर उभ्या भिंतीसारखाच असतो. आणि रात्री ती भिंत दिसतही नाही.

तिन्हीसांजेची वेळ

सायंकाळी अपघात अधिक का होतात? गर्दी हे एक कारण झाले. दुसरे कारण डोळ्यांत आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांस पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तिन्हीसांजेस उजेड सतत उतरत असतो, त्यामुळे डोळे सारखे मागे पडतात. आकाश उजळ दिसते, पण रस्त्याच्या पातळीवर अंधार साचलेला असतो. शिवाय मावळतीकडे तोंड करून मुंबईच्या दिशेने येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर सूर्य येतो. हिवाळ्यात सकाळी पुण्याकडे जाणाऱ्यास आग्नेयेकडून वर येणारा सूर्य असाच त्रास देतो.

आता आपले वेळापत्रक पाहा. भाताची कापणी व झोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. नोव्हेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दिवसभर झोडणी करून पेंढा भरलेली ट्रॉली नेमकी याच वेळी घरी निघते. मे महिन्यात याच वेळी लख्ख ऊन असते. त्यामुळे ‘सहालाच तर निघालो’ ही उन्हाळ्यातील सवय हिवाळ्यात घात करते. पेंढ्याचे भारे दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेले, मागचे दिवे त्याखाली झाकलेले, आणि बहुधा ट्रॉलीला दिवेच नसलेले! सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तसेच उजेड पुरेसा नसेल तेव्हा केव्हाही, दिवे लावावेत असा मोटार वाहन नियम आहे. माझे सांगणे असे की, तो अर्धा तासही वाट पाहू नये. त्या वेळी आपल्याला दिवा नकोसा वाटतो हे खरे. परंतु आपला दिवा समोरून व मागून येणाऱ्याने आपल्याला पाहावे म्हणून आहे.

थोडे गणित करू. तासाला 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबावयास आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे एकूण चाळीस-पंचेचाळीस मीटर. डिपरच्या झोतात मळकट, विनारिफ्लेक्टरची ट्रॉली दिसते ती तीस-चाळीस मीटरवर. वेग 80 असेल किंवा रस्ता ओला असेल, तर दिसणे आणि आदळणे यांत अंतरच उरत नाही.

साखरझोप

आपल्या भाषेने पहाटेच्या झोपेस ‘साखरझोप’ असे नाव देऊन ठेवले आहे. शास्त्रज्ञांनी पुढे जे सिद्ध केले ते या एका शब्दात आहे. मनुष्याच्या शरीरात दिवसरात्रीचे एक घड्याळ चालू असते. साधारणपणे पहाटे दोन ते पाच या वेळात शरीराची उष्णता सर्वांत खाली उतरते व झोपेची ओढ सर्वांत प्रबळ होते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान अशीच, परंतु सौम्य लाट येते. पोटभर भात जेवून दुपारी दुचाकीवर निघणाऱ्यांनी तिचीही आठवण ठेवावी.

या वेळी येणारी डुलकी कित्येकदा दोन-तीन सेकंदांचीच असते. चालकास ती आल्याचे कळतही नाही. डोळे उघडेही असू शकतात. 80 किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी 66 मीटर जाते. मी स्वतः एकदा बाहेरगावचे कार्यक्रम आटोपून रात्रभर जीप चालवीत पहाटे खोपोलीवरून परतत होतो. पनवेलला पोहोचल्यावर विचार करू लागलो, तेव्हा वाटेतील चौक गाव केव्हा मागे पडले ते मला काही केल्या आठवेना. त्या गावातून मी गाडी नेली होती एवढे खरे. मी शेतकऱ्यांना कीटकनाशकाच्या मात्रेविषयी काटेकोरपणा शिकवितो. त्या दिवशी माझ्या अंगाचा थरकाप झाला.

बैलगाडीचे दिवस याबाबतीत बरे होते. गाडीवान खुशाल झोपत असे. बैल जागे असत, वाट त्यांच्या ओळखीची असे आणि आखाखाली कंदील झुलत असे. इंजिनास वाट ओळखता येत नाही.

ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड या संशोधकांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात शंभर मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके मंद होतात. 24 तासांनंतर ही मंदता जवळजवळ दुप्पट होते. आपल्या कायद्याने चालकासाठी ठरविलेली मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. म्हणजे दारूला स्पर्शही न करणारा, माळकरी शेतकरीसुद्धा केवळ जागरणाने त्या मर्यादेच्या पलीकडे जातो.

भाजी पिकविणाऱ्या आपल्या बांधवांचा दिवस या मापाने मोजून पाहा. पहाटे पाचला उठणे, सकाळी तोडणी, दुपारी फवारणी किंवा पाणी, सायंकाळी निवड व भरणी. रात्री दहा वाजता 17 तास पूर्ण झाले. एक वाजता तोच मनुष्य, किंवा दिवसभर बापाबरोबर राबलेला त्याचा मुलगा, टेम्पो घेऊन तुर्भ्याच्या बाजाराकडे निघतो, कारण पहाटे व्यवहार सुरू होण्यापूर्वी माल तेथे लागावयास हवा. माल उतरवून पाच वाजता तो रिकामी गाडी घेऊन परत फिरतो. तेव्हा त्याचे 24 तास भरलेले असतात, घड्याळात साखरझोपेची वेळ असते, आणि पैसे खिशात असल्याने मन निर्धास्त झालेले असते. जातानाच्या प्रवासापेक्षा हा येतानाचा प्रवास मला अधिक भीतीचा वाटतो.

पगारी चालकासाठी तरी कायदा आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याप्रमाणे दिवसाला आठ तासांहून अधिक काम सामान्यतः घेता येत नसे व पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागत असे. स्वतःच्या टेम्पोवर बसलेल्या शेतकऱ्यास कोणता कायदा विश्रांती देणार?

काय करता येईल

यावर मी सुचवितो तो उपाय असा : गाडी एक वाजता काढण्याऐवजी नऊनंतर, सायंकाळची गर्दी ओसरताच काढावी, दहा-साडेदहापर्यंत बाजारात लावावी आणि व्यवहार सुरू होईपर्यंत चालकाने तेथेच झोपावे. परतीस उजाडल्याखेरीज निघू नये. ही सूचना प्रथम मांडली तेव्हा एका शेतकरी भगिनीने मला योग्य तोच प्रश्न विचारला, ‘साहेब, चार तास आधी भरलेली मेथी कोमेजली तर भाव तुम्ही देणार काय?’ आक्षेप खरा आहे. पालेभाजी उन्हात न तोडता सूर्य कलल्यावर तोडावी, जुड्या सावलीत ठेवून अंगचे पाणी निथळू द्यावे, गाडीत हवा खेळेल अशा रीतीने रचून वरून ओले गोणपाट घालावे. म्हणजे हिवाळ्याच्या रात्री चार तासांत फारसे नुकसान होत नाही. भेंडी, दुधी, कारली, शिराळी यांना तर चार तासांची अडचणच नाही. उन्हाळ्यातील कोथिंबिरीस मात्र हा उपाय पुरता लागू पडत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तेथे तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून माल एका गाडीत घालावा आणि ज्याने दिवसा किमान सहा तास झोप घेतली आहे असाच चालक पाळीने नेमावा. भाड्यातही बचत होते.

वाटेत पेंग येऊ लागली तर खिडकी उघडणे, गाणे लावणे, तंबाखूचा बार भरणे यांचा उपयोग होत नाही. गाडी रस्त्यावरून पूर्णपणे उतरवून ढाब्यावर किंवा पंपावर उभी करावी, कपभर चहा घ्यावा आणि लगेच वीस मिनिटे झोपावे. चहाचा परिणाम सुरू होण्यास साधारण अर्धा तास लागतो, म्हणून झोप चहानंतर घ्यावयाची, आधी नव्हे. रस्त्याच्या कडेस, अर्धी चाके डांबरावर ठेवून, गाडी कधीही उभी करू नये.

पावसाळ्यातील रात्रीचा एक प्रश्न केवळ आपल्याच हातचा आहे. शेते चिखलाने भरतात, माश्या-डास सतावतात, म्हणून मोकळी गुरे कोरड्या, किंचित उबदार डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस ओल्या काळ्या रस्त्यावर दहा पावलांवरूनही दिसत नाही. गुरे दिवेलागणीस गोठ्यात बांधलीच पाहिजेत. कापणीनंतर भात रस्त्यावर वाळत घालण्याची प्रथाही सोडावी. भात सायंकाळी उचलले जाते, पण भोवती मांडलेले दगड तेथेच राहतात, आणि रात्री दुचाकीवरून येणारा आपल्याच गावचा पोरगा त्यांवर आपटतो.

अपघात झाल्यास पहाटेच्या वेळी प्रथम धावून जाणारे बहुधा रस्त्याकाठच्या गावचे लोकच असतात. 108 क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. मदत करणाऱ्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती बाळगू नये. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच अशा मदतकर्त्यास संरक्षण दिलेले असून नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

ट्रॉलीच्या दृश्यमानतेविषयी गावपातळीवर काम करणाऱ्या बंधु-भगिनींनी भाषण करण्यापेक्षा प्रात्यक्षिक करावे. आम्ही एका गावी ते असे केले. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडली आणि शाळेच्या मैदानाच्या एका टोकास ट्रॉली उभी केली. तिच्या मागे दोन तांबडे रिफ्लेक्टर होते, पण चिखलाने लिंपलेले. दुसऱ्या टोकाकडून एकेकाने बॅटरी घेऊन यावयाचे व ट्रॉली दिसताच थांबावयाचे. बहुतेक मंडळी अठरा-वीस पावलांवर येऊन थांबली; एक आजोबा तर फाळक्यास हात लागेपर्यंत चालत आले. त्यानंतर रिफ्लेक्टर पुसून घेतले आणि परावर्तक पट्टी चिकटविली. मागे लाल, बाजूंस पिवळी, पुढे पांढरी. पेंढ्याच्या भाऱ्यांनी ती झाकली जाऊ नये म्हणून मागची पट्टी फाळक्याच्या अगदी खालच्या कडेस लावली आणि भाऱ्यांच्या टोकास एक लाल पट्टीचा बांबू बांधला. पुन्हा बॅटरी लावताच मैदानाच्या दुसऱ्या टोकावरूनच सर्वांना ट्रॉलीचा आकार दिसला. लोकांनी त्याच रात्री गावातील ट्रॉल्या मोजल्या, अकरा होत्या. पट्टीचे जे तुकडे उरले ते मुलांनी मागून घेतले आणि आपापल्या गुरांच्या गळ्यातील दाव्यांना शिवून टाकले.